जुनी बंदूक आणि काडतुसाचा कारखाना

२०२२ साली डोनेत्स्क भागात सक्तीने भरती केलेल्या माणसांच्या हाती मोसिन रायफली दिल्याची छायाचित्रे जगभर झळकली आणि त्यांची पुष्कळ थट्टा झाली. रायफलीचा आराखडा १८९१ चा, झारशाहीतला. सोव्हिएत राजवटीने तो सुधारून लाखोंनी नग घडविले. एका वेळी पाच काडतुसे भरायची, प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा. स्वयंचलित बंदुकीसमोर हे हत्यार देऊन पाठविणाऱ्यांनी त्या माणसांच्या जिवाचे मोल काय धरले, ते उघडच आहे.

परंतु थट्टेच्या भरात काडतूस नजरेआड झाले. मोसिनबरोबर आलेले ७.६२ मिलिमीटरचे तेच काडतूस १९६३ च्या द्रागुनोव रायफलीत चालते, पीकेएम मशीनगनमध्ये चालते. युक्रेनने कोठारातून काढलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या मॅक्सिम मशीनगनमध्येही चालते. बंदूक तेलपाणी केल्यास शतकभर टिकते (त्याचे श्रेय सेनापतीपेक्षा कोठारावरच्या कारकुनाचे!), काडतूस उडाले की संपले. तेव्हा प्रश्न उत्पादनाचा आहे. युक्रेनचा काडतुसांचा कारखाना लुहान्स्कला होता. २०१४ मध्ये ते शहर कीवच्या हातून गेले, कारखानाही गेला.

तोफांचे तेच. १५२ मिलिमीटरच्या सोव्हिएत गोळ्यांचे साठे २०२२ मध्ये आटू लागले, तेव्हा युक्रेनला १५५ मिलिमीटरच्या पाश्चात्त्य तोफांकडे वळावे लागले. तीन मिलिमीटरच्या या फरकामागोमाग नवे प्रशिक्षण, नवे सुटे भाग आणि नवे पुरवठादार आले.