आपली मुले, आपली शाळा

(रामनवमी उत्सवाच्या सायंकाळच्या सभेत आपल्या एका निवृत्त डॉक्टर सदस्यांनी केलेले भाषण)



डॉक्टरला व्यासपीठावर बोलावले की तो साखरेवर किंवा गुडघ्यांवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे गुडघे मला पाठ आहेत. म्हणून आज गुडघ्यांना सुट्टी. आज मी शाळेविषयी बोलणार आहे. एप्रिल महिना आहे, येथील भारतीय शाळांचे नवे वर्ष सुरू होत आहे, आणि याच महिन्यात आपल्या ट्रस्टच्या कार्यालयात मदतीचे सर्वांत जास्त अर्ज येतात.

बहारीनला लोक तेलाचा देश म्हणतात. पण येथे तेल सापडले १९३२ साली. त्याआधीच, १९१९ मध्ये, मुहर्रकला मुलांची अल-हिदाया शाळा सुरू झाली होती आणि १९२८ मध्ये मुलींची शाळाही निघाली होती. म्हणजे या बेटावर विद्या आधी आली आणि संपत्ती मागून आली. हा क्रम आपण ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आपल्या लोकांनी १९५० साली इंडियन स्कूल काढली. तेव्हा येथे व्यवहार रुपयांतच चालत असे. दिनार आला १९६५ मध्ये. नोकरी-धंद्यासाठी आलेल्या माणसांना मुलांची चिंता होती, त्या चिंतेतून ती शाळा उभी राहिली. आज तिची ईसा टाउन आणि रिफा अशी दोन संकुले आहेत. ती कोणा एका मालकाची नाही. पालकच मतदान करून तिची कार्यकारी समिती निवडतात. पुढे आणखीही भारतीय शाळा निघाल्या, पण समाजाने आपल्यासाठी उभारलेली शाळा म्हणून तिचे स्थान वेगळेच आहे.

आता या मुलांचा दिवस पाहा. पहाटे पाचला घरात दिवा लागतो. आई डबा भरते, आजोबा बूट शोधून देतात, आणि उजाडते न उजाडते तोच बस येते. वर्गात शेजारी केरळचा मुलगा, मागे तामिळनाडूची मुलगी, पुढे कोणी पंजाबचे. डब्यातली पोळी-भाजी पुट्टूवाल्याकडे जाते आणि इडली आपल्याकडे येते. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी, शिवाय अरबीचे चार शब्द. आपल्या गावच्या शाळेत सगळी मुले एकाच वेशीतली असत. येथे चौदा वर्षांच्या मुलाला अख्खा भारत एका बाकावर भेटतो.

इंडियन स्कूलमध्ये मुलांचे चार गट आहेत: आर्यभट्ट, विक्रम साराभाई, जे. सी. बोस आणि सी. व्ही. रामन. ‘तरंग’ हा युवक महोत्सव आला की घराघरांत नाच, गाणी, वक्तृत्व यांची तयारी सुरू होते. सख्खी भावंडे वेगवेगळ्या गटांत असली की जेवणाच्या टेबलावर गुणांवरून भांडतात! मी म्हणतो, भांडू द्या. ‘आमचा गट’, ‘आमची शाळा’ म्हणणाऱ्या मुलाला आपण कोणाचे तरी आहोत हे कळलेले असते. ही मुले १५ ऑगस्टला तिरंग्याला वंदन करतात आणि १६ डिसेंबरला बहारीनचा लाल-पांढरा झेंडा हाती घेतात. दोन्ही मनापासून. परदेशात वाढणाऱ्या मुलाला हे आपलेपण फार लागते, कारण वडिलांचा करार संपला की सामान बांधावे लागेल, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते.

यावरून एक प्रसंग सांगतो. मी दवाखान्यात बसत होतो तेव्हा दहावीतला एक मुलगा रोज सकाळी पोटात दुखते म्हणून माझ्याकडे आला. शाळेचे नाव महत्त्वाचे नाही. तपासले, रक्त-लघवी पाहिली; काही सापडले नाही. शुक्रवार-शनिवारी मात्र दुखत नसे. मग आईला बाहेर बसवून त्याच्याशी बोललो. वडिलांचा पगार चार महिने झाला नव्हता. फी थकली होती, ती गोष्ट मोठ्यांच्या पातळीवर चालू होती. पण तो तबला वाजवत असे, आणि समूहगीताच्या पोशाखासाठी तीन दिनार मागायचे नाहीत म्हणून त्याने स्वतःच नाव मागे घेतले होते. मित्रांना ‘मला आवडत नाही’ असे सांगितले होते. ते खोटे रोज सकाळी पोटात दुखत होते.

औषध मी काही दिले नाही. चार सदस्यांनी मिळून फीची सोय केली, पोशाखाचीही केली, आणि कोणी दिले हे मुलाला कळू दिले नाही. तो कार्यक्रमात वाजवायला बसला. पोटदुखी पुन्हा आली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की गरजू मुलाला मदत करताना केवळ फीचा आकडा पाहू नका. सहल, पोशाख, खेळाचे बूट यांतही त्याला इतरांच्या रांगेत उभे राहता आले पाहिजे.

आता डॉक्टर म्हणून आजी-आजोबांना थोडे सांगतो. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. पहाटे पाचला उठायचे तर रात्री नऊला मोबाईल बाहेरच्या खोलीत गेला पाहिजे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे. शाळेत स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पुष्कळ मुली पाणीच पीत नाहीत. पुढे उन्हाळा आहे, घरी आलेली बाटली भरलेली आहे का, एवढे रोज पाहा. आणि परीक्षेच्या दिवसांत मूल जेवेनासे झाले किंवा गप्प झाले, तर ‘किती टक्के?’ हा प्रश्न बाजूला ठेवून शेजारी बसा.

शेवटी विनंती. येथे परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे ज्यांना द्यायचे आहे त्यांनी थेट ट्रस्टच्या कार्यालयातच द्यावे आणि पावती घ्यावी. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी नातवंडांची गेल्या वर्षीची पुस्तके आणून द्यावीत. नावाचे पान नीट चिकटवून बंद करावे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, हिशेबनीस आहेत, अभियंते आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ कोणाला गणित शिकवलेत तर ते दानच आहे, आणि गुडघ्यांनाही त्याचा त्रास नाही.

आणि ज्यांच्या घरी अडचण आहे त्यांनी संकोच करू नये. सचिवांना एकट्याने भेटावे. नाव बाहेर जाणार नाही.

१९५० साली ज्यांनी शाळा काढली त्यांच्यापाशीही फार काही नव्हते. त्यांनी सुरुवात केली म्हणून आपली मुले शिकली. आता मागून येणाऱ्यांसाठी आपण करू या.

श्रीराम जय राम जय जय राम.