मेथाडोन आणि हृदयाचा ठोका

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचं व्यसन सोडवायला जगभर मेथाडोन हे औषध दिलं जातं. त्यानं जीव वाचतात, यात वाद नाही. पण काहींच्या हृदयाची लय तेच बिघडवतं.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हावं लागतं. त्यासाठी पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं. मेथाडोन नेमकी हीच वाट अडवतं. मग ईसीजीवर ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबतं. ते 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेलं, की ठोके सैरभैर होण्याचा धोका बराच वाढतो. माणूस घेरी येऊन कोसळतो, कधी दगावतोही. याच दोषापायी मेथाडोनचं भावंड म्हणावं असं ‘लॅम’ हे औषध 2001 मध्ये युरोपच्या बाजारातून गेलं.

मात्रा मोठी, त्यात उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घटलेलं आणि वर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध, म्हणजे आगीत तेलच. म्हणून साध्या खोकल्यासाठी गेलात तरी मेथाडोन चालू असल्याचं डॉक्टरांना सांगा. संकोच वाटतो, मान्य, पण सांगाच. भारतात जास्त वापरलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिन या बाबतीत पुष्कळ सौम्य आहे.

घाबरून औषध स्वतःहून बंद मात्र करू नका. पुन्हा हेरॉइनकडे वळण्यातला धोका कितीतरी मोठा. छातीत धडधडलं, घेरी आली, शुद्ध हरपली, तर थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढून घ्या.