सामन्यापूर्वीचे दिवस

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे केरी हे गाव आहे. पलीकडच्या तीरावर तेरेखोलचा किल्ला दिसतो. अलीकडे सुरूच्या झाडांपुढे वाळूचा पट्टा पसरला आहे. भाताची कापणी होऊन मळे कोरडे पडले, की गोव्यातील इतर खेड्यांप्रमाणे येथेही संध्याकाळी एकच दृश्य दिसते. दोन टोकांना दोन-दोन काठ्या रोवलेल्या, मध्ये एक चेंडू, आणि त्यामागे धावणारी अनवाणी मुले.

या खेळाचे गोव्यातील मूळ केरीपासून फार दूर नाही. पेडण्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी शापोरा नदी ओलांडली, की बारदेशातील शिवोली गाव लागते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे परदेशातून आलेले धर्मगुरू १८८३ साली तेथे आले. मुलांच्या शिक्षणाला शरीराच्या शिक्षणाची जोड हवी, अशी त्यांची धारणा होती आणि त्यासाठी त्यांनी फुटबॉल हाती घेतला. गोव्यात हा खेळ रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. म्हणजे गोमंतकात फुटबॉल प्रथम आला तो शिक्षकाच्या हातून. पैशाचा आणि गर्दीचा संबंध त्याच्याशी पुढे जडला. महाविद्यालयीन फुटबॉलचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

श्रोतेहो, आता अशी कल्पना करा, की केरीच्या मळ्यावर खेळलेला एक मुलगा शाळा संपवून विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयात दाखल झाला. तेथे तो संघाचा गोलरक्षक झाला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याचा संघ एकेक सामना जिंकत अंतिम फेरीस पोहोचला, आणि समोर पणजी किंवा मडगावचे एखादे नामांकित महाविद्यालय उभे ठाकले. सामना आठ दिवसांवर आला आहे. घरी, फेरीच्या धक्क्यावर, वर्गात, जो भेटेल तो हाच विषय काढतो. अशा वेळी या सामन्याचे महत्त्व ते किती मानावे, आणि कशासाठी मानावे?

एक कारण उघड आहे. गोव्यातील महाविद्यालये पूर्वी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. विद्यापीठाचा संघ निवडायचा तो महाविद्यालयांतील खेळाडूंमधूनच. तो संघ पुढे पश्चिम विभागातील विद्यापीठांशी झुंजतो आणि तेथे यश मिळाले तर देशभरच्या स्पर्धेस जातो. अंतिम सामन्याला जाणकारांची नजर असते. आडगावच्या मुलाला आपला खेळ दाखविण्याची अशी संधी वारंवार येत नाही.

परंतु याहून मोठे कारण महाविद्यालयीन संघाच्या घडणीतच आहे. व्यावसायिक क्लब चांगला खेळाडू दहा-दहा वर्षे सांभाळू शकतो. महाविद्यालयाला ते शक्य नसते. संघ जुळून येतो न येतो तोच तीन-चार वर्षांत त्यातील मुले पदवी घेऊन निघून जातात. दर जूनमध्ये मार्गदर्शकाला जवळजवळ नव्याने आरंभ करावा लागतो. मग अशा संघात टिकते काय? टिकते ती सवय. पहाटे वेळेवर पटांगणावर येण्याची, चेंडू नसतानाही जागा न सोडण्याची, थकलेल्या सोबत्याच्या मदतीला धावण्याची सवय. ही सवय थोरल्यांकडून धाकट्यांकडे जाण्याचा काळ म्हणजे मोठ्या सामन्यापूर्वीचे दिवस. एरवी सरावाला दहा मुले येत असतील, तर त्या आठवड्यात तीस येतात. पहिल्या वर्षाचा मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून जे पाहतो, ते तो पुढील तीन वर्षे विसरत नाही. मोठा सामना हा महाविद्यालयीन संघाचा वारसा आहे तो या अर्थाने.

हा वारसा एका निकालावर अवलंबून नसतो, याचा दाखला गोव्यानेच दिला आहे. १९७८-७९ च्या संतोष करंडक स्पर्धेत गोव्याचा संघ श्रीनगर येथे अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि बंगालकडून हरला. तेथेच सारे संपले असते. पण १९८२-८३ मध्ये कलकत्त्यास तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला. निकाल लागेना, म्हणून दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. पुढच्याच वर्षी मद्रासला पंजाबला एका गोलने नमवून गोव्याने करंडक एकट्याच्या बळावर जिंकला. त्या स्पर्धेत ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी ५७६ मिनिटे आपल्या गोलात चेंडू जाऊ दिला नाही. पुढे त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री हा किताब लाभला. श्रीनगरचा पराभव झाला नसता तर मद्रासचा विजय झालाच नसता, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु पराभवानंतर संघ मोडला नाही, हे मात्र खरे.

याच्या उलट उदाहरणही जगाला ठाऊक आहे. १९५० साली विश्वचषकाचा निर्णायक सामना ब्राझीलच्या रिओ शहरात झाला. प्रतिस्पर्धी होता छोटा उरुग्वे देश. ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती आणि विजय झालाच, असे सारे राष्ट्र धरून चालले होते. ब्राझीलने पहिला गोल केला खरा. पण उरुग्वेने दोन गोल करून सामना जिंकला. त्या पराभवाचे खापर गोलरक्षक बार्बोसा यांच्या माथी फुटले, आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्या माथ्यावरून उतरले नाही. अकरा जण हरले, पण शिक्षा एकाने भोगली. तीही पन्नास वर्षे! आठच वर्षांनी, १९५८ मध्ये, ब्राझीलने विश्वचषक जिंकला. राष्ट्राला जखम भरून काढण्याची संधी मिळाली, त्या एका माणसाला मात्र मिळाली नाही.

केरीच्या त्या मुलाच्या आईवडिलांनी, शिक्षकांनी आणि सोबत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गोलाची चौकट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते. पेनल्टीचा चेंडू बारा यार्डांवरून येतो. एवढी जागा एका माणसाने राखायची आणि विचार करण्यास क्षणाचाही अवधी नाही. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी तो दहा जणांना चुकवून आलेला असतो, हे प्रेक्षक सहज विसरतात. ‘हा सामना गेला तर सारे गेले’ असे ज्या मुलाला आठ दिवस ऐकवले जाते, त्याचे हात ऐन वेळी जड होतात. ‘तुझे काम तू कर, आम्ही पाठीशी आहोत’ असे ज्याला सांगितले जाते, तो निदान मोकळ्या मनाने झेप घेतो.

म्हणून मोठ्या सामन्याची तयारी पटांगणाइतकीच पटांगणाबाहेरही करावी लागते. शेवटच्या दोन दिवसांत नवे डावपेच शिकविण्याचा अट्टाहास धरू नये. पाय थकविण्यापेक्षा झोप पुरी होऊ द्यावी. दुखरा गुडघा लपवून खेळणाऱ्याचे कौतुक करू नये; त्याच्या जागी राखीव खेळाडूला उभे करण्याचे धैर्य मार्गदर्शकाने दाखवावे. परीक्षा जवळ असेल तर बुडालेल्या तासांची टिपणे मिळवून देण्याचे काम वर्गमित्रांनी अंगावर घ्यावे. तीही संघाचीच सेवा होय. खेळाडू नापास झाला, तर महाविद्यालयाने त्याच्या पायांचा उपयोग करून घेतला आणि त्याला वाऱ्यावर सोडले, असाच त्याचा अर्थ होईल.

सामना नव्वद मिनिटांत संपेल. कोणी तरी जिंकेल, कोणी तरी हरेल. महाविद्यालयाने काय मिळविले याची परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे होईल. त्या पहाटे पटांगणावर कोण येते ते पाहावे. चषक कपाटात आणि पटांगण ओस, असे झाले तर जिंकूनही हाती काही लागले नाही. पण हरलेला संघ पुन्हा बूट बांधून उभा असेल, पहिल्या वर्षाची मुले आपण होऊन आलेली असतील, आणि केरीचा तो गोलरक्षक त्यांच्यातील एखाद्याला चेंडू छातीशी कसा धरावा ते दाखवीत असेल, तर तो सामना खेळल्याचे सार्थक झाले असे निःशंक समजावे.