परभणीखालचा लाव्हा



परभणी जिल्ह्यातली एखादी जुनी, न बांधलेली विहीर उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर काठावरून पाहावी. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग टणक काळा पाषाण, कुठे छिद्राछिद्रांचा मांजऱ्या आणि कुठे दोन खडकांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. हे सगळे मुळात लाव्हाचेच.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही दख्खनचा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भाग त्याने व्यापला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी प्रचंड, पूर्वेकडे तो पातळ होत जातो. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे जवळच खोल वेधन केले, तेव्हा 338 मीटरवर लाव्हाचा हा खडक, म्हणजे बेसॉल्ट, संपला. मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला.

विहिरीतल्या त्या तांबड्या पट्ट्याकडे मात्र थांबून पाहायला हवे. एक प्रवाह थंड झाला, ऊनपावसाने त्याचा वरचा भाग झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून झाकली. म्हणजे दोन उद्रेकांमध्ये शांततेचा मोठा काळ गेला होता. पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले तेही या उद्रेकांच्याच सुमारास. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या लाव्हाचा किती, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे.

लाव्हाच्या याच खडकाच्या झिजेतून आपली कापसाची काळी जमीन झाली. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

पाण्याचे गणितही या खडकातच आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरमात, खडकाच्या सांध्यांत आणि झिजलेल्या मांजऱ्यात साठते. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी राहते. बोअर जितके खोल तितके पाणी जास्त, हा समज या खडकात अनेकदा खोटा ठरतो, आणि त्यापायी शेतकऱ्याचे पैसे मातीत जातात.

विद्यार्थिमित्रांनो, विहिरी बांधून काढल्या की हे थर कायमचे झाकले जातात. त्याआधी, घरच्या मोठ्यांना सोबत घेऊन, आपल्या गावातल्या विहिरींची नोंद करा: कोणता थर किती हातांवर लागतो, पाणी कोणत्या थरातून येते, कोणत्या महिन्यात आटते. ती वही शाळेत ठेवा आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या.