खेळणी घरातच आहेत



मणिबेलीच्या लेकरांसाठी खेळणी पाठवू का, असं आपण विचारता. १९९३ साली सरदार सरोवराच्या पाण्यात या गावाची घरं-शेतं बुडाली. राहिलेली घरं डोंगरउतारावर विखुरली आहेत. अंगणवाडीतलं शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होतं. त्याआधीची शाळा म्हणजे घर.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. खडे, पानं, शिंपले हीच साधनं.

मीही आयांना तेच सांगते. भाकर थापताना पिठाचा गोळा बाळाच्या हातात द्या. मक्याची कणसं टोपलीत भरू द्या, काढू द्या. सुटे दाणे मात्र दूर ठेवा, घशात अडकतात. बाळानं बोट दाखवलं की नाव सांगा आणि त्याच्या उत्तरासाठी थांबा. हे सगळं आपल्या बोलीतच. ‘आमची बोली शाळेत चालत नाही’ म्हणून आई गप्प राहिली, तर बाळाला शब्द कुठून मिळणार?

तेव्हा खेळणी नकोत. या आयांना बाळाशी बोलायला निवांत वेळ मिळावा, यासाठी प्रार्थना करा. आणि आज आपल्या घरच्या लेकरासोबतही थोडा वेळ जमिनीवर बसा.