माझे काम आणि आपले काम
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवसाय-मानसशास्त्र या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. या शास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु उभा जन्म माणसांत गेला. मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केले, आणि काही वर्षे इतरांकडून काम करवूनही घेतले. त्या अनुभवाच्या आधारे, वाचून जे समजले ते सांगण्याचे धाडस करीत आहे.

व्यवसाय-मानसशास्त्र म्हणजे काय? दुकान, कारखाना, कचेरी किंवा संस्था यांत माणसे एकत्र येऊन काम करतात. ती केव्हा मनापासून करतात, केव्हा अंग चोरतात, आणि प्रमुखाच्या कोणत्या वागण्याने हा फरक पडतो, याचा विचार म्हणजे हे शास्त्र. आपल्याकडे घडलेले त्याचे एक उदाहरण सांगतो.

१९५३ सालची गोष्ट. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होते. तेथील कॅलिको गिरणीत नवे स्वयंचलित माग बसविण्यात आले होते. यंत्रे उत्तम होती, प्रत्येकाचे काम शास्त्रशुद्ध मोजमाप करून आखून दिलेले होते. तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे येईना आणि खराब कापडाचे प्रमाण कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी त्या खात्याची पाहणी केली.

त्यांना काय दिसले? माग होते २२४ आणि माणसे २९. कामाचे बारा प्रकार. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, बॅटरीत कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, तर जॉबरकडे ११२. अनेकांच्या वाट्याचे माग दुसऱ्याच्या वाट्याशी जुळत नव्हते. एखाद्या मागावर धागे तुटले, तर विणकराने ज्याला हाक मारावयाची तो त्याच वेळी दुसऱ्या विणकराच्या मागावर गुंतलेला असे. प्रत्येकाजवळ कामाचा तुकडा होता, परंतु ‘हे माग आमचे’ असे म्हणणारा त्या खात्यात एकही गट नव्हता.

राइस यांनी सुचविले की, सात-सात माणसांचे गट करावेत, ठराविक माग एकेका गटाच्या स्वाधीन करावेत आणि त्या मागांवरील सर्व काम गटाने आपसांत वाटून घ्यावे. ही कल्पना मुकादमांपुढे व कामगारांपुढे मांडण्यात आली. विशेष असे की, कामगारांनी ती तत्काळ उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करावयाचे हेही त्यांनीच ठरविले! सुरुवातीला चढउतार झाले, अडचणी आल्या. पण पुढे मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या घरात गेली, आणि खराब कापड सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास उतरले. माग तेच होते. बदलली होती ती माणसांची जुळणी.

या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९७० साली एरिक मिलर यांनी त्या गिरणीत पुन्हा पाहणी केली. तेव्हा एका खात्यात ही पद्धत टिकून होती, अन्यत्र ती बऱ्याच अंशी मोडली होती. तात्पर्य, विश्वासाची घडी एकदा बसली म्हणजे कायमची बसली असे नाही. ती सांभाळावी लागते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. तालुक्याच्या एका शाळेत असताना वेळापत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. उन्हाळ्याच्या सुटीत एकट्याने बसून मी ते तयार केले. कागदावर एकही तास दुसऱ्यावर येत नव्हता. मला त्याचा अभिमान वाटला. परंतु शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच कुरबूर सुरू झाली. घरी पत्नी आजारी असलेल्या एका गुरुजींना मी रोज शेवटचा तास दिला होता. त्यांची एस. टी. चुकत असे. मी त्यांना विचारलेच नव्हते. उलट, त्यांना मी मनातल्या मनात कामचुकार ठरविले! आजही ते आठवले की मान खाली जाते.

पुढील वर्षी मुख्याध्यापकांनी मला कोरा कागद शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवावयास सांगितले. तीन संध्याकाळ आम्ही सर्वजण भांडलो. जे वेळापत्रक तयार झाले ते माझ्याइतके देखणे नव्हते. परंतु त्या वर्षी कोणी गैरहजर राहिले, तर त्याचा तास कोणी घ्यावयाचा हे शिक्षक आपसांत ठरवीत. माझ्याकडे तक्रार येत नसे. पूर्वीचे वेळापत्रक माझे होते, हे आमचे होते.

बंधुभगिनींनो, हे सर्व सांगण्याचा हेतू आपल्या मंडळाशी निगडित आहे. तरुण मुले कामाला येत नाहीत, अशी खंत आपण दरवर्षी व्यक्त करतो. पण आपण त्यांना देतो काय? खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना हार आणून देणे, पंगतीत वाढणे. निर्णय मात्र आपण ज्येष्ठांनी आधीच घेतलेले असतात. कामाचा तुकडा हाती देऊन जिव्हाळ्याची अपेक्षा करणे न्यायाचे नाही. माझी नम्र सूचना अशी की, येत्या वर्षी विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ सात तरुण-तरुणींच्या हाती संपूर्ण सोपवावा. त्याचा पैसा, हिशेब आणि निर्णय, सर्व काही. त्यांच्या हातून चुका होतील. त्या होऊ द्याव्यात. आपण विचारले तरच सल्ला द्यावा.

आपल्यापैकी ज्यांची दुकाने किंवा कारखाने आहेत, त्यांनीही आपल्या पुतण्याला, भाच्याला वा नोकराला आठवड्यातून एकदा इतकेच विचारून पाहावे, “तुझ्या कामात अडचण कोठे येते?” आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. मात्र गोड बोलून अधिक राबवून घेण्याची ही युक्ती आहे, असे कोणी समजू नये. मनातला भाव हाताखालच्या माणसाला आपल्याआधी कळतो.