तालमीला जागा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना मी शाळेत ‘नाटकात होते’ असं सांगितलं. ते अर्धवट खरं आहे. मी नाटकात होते, पण कुणाला दिसेल अशी नव्हते. आठवीच्या गॅदरिंगला मी प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत स्टुलावर बसून, हातात वही धरून. आणि तुमच्यापैकी जे मागे बसून आत्ताच हसायला लागलेत त्यांना पुढचं माहीत आहे. ऐन प्रयोगात राजाला वाक्य आठवेना, मी घाबरून वहीची दोन पानं एकदम उलटली आणि पुढचंच वाक्य पुरवलं. त्यामुळे प्रधानाचं कारस्थान झालंच नाही, तो थेट तुरुंगात गेला आणि नाटक दहा मिनिटं आधी संपलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. प्रधान झालेला आपला मित्र आज इथे आहे. तीस वर्षांनी जाहीर माफी मागते.

त्या रात्री मराठीच्या बाई मला रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “चुकलीस ते ठीक. पण तू वहीत बघत होतीस, त्याच्याकडे बघत नव्हतीस. त्याला काय हवंय ते तुला कसं कळणार?” हे वाक्य मी पुढे नोकरीत किती वेळा वापरलं असेल! सॉफ्टवेअरच्या धंद्यात आमची निम्मी भांडणं याच एका कारणानं होतात. आम्ही वहीत बघतो, माणसाकडे बघत नाही.

पण आज मी आठवणी सांगायला उभी नाही. जेवणानंतर आपल्याला आपल्या बॅचच्या निधीचं काय करायचं ते ठरवायचंय. त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे आणि एका अभिनेत्रीबद्दल सांगायचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच विषयाच्या आहेत.

आधी अभिनेत्री. सुलभा देशपांडे. तुमच्या मुलांना त्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधली श्रीदेवीची सासू म्हणून ठाऊक असतील. आपल्या आईवडिलांच्या पिढीसाठी त्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे. तेंडुलकरांचं हे नाटक ‘रंगायन’नं 1967 साली केलं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, म्हणजे सुलभाताईंचे पती. त्यातली बेणारे ही शाळेतली शिक्षिका आहे. आणि ती भूमिका करणाऱ्या सुलभाताईही मुळात शिक्षिकाच. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्या शिकवत होत्या.

माझ्यासाठी त्यांच्या कामाची सुरुवात त्या वर्गातून होते. शाळेतल्या मुलांना करायला नाटक हवं होतं, म्हणून या बाई विजय तेंडुलकरांकडे गेल्या आणि मुलांसाठी लिहून द्या म्हणाल्या. मोठं नाव, मोठी संस्था असं काही त्यांच्या पाठीशी तेव्हा नव्हतं. गॅदरिंग जवळ आलं की आपल्या बाई नाटकाचं पुस्तक शोधत लायब्ररीत जायच्या, तसंच हे. फरक इतकाच, की त्या थेट लेखकाच्या दारात गेल्या.

पुढे 1971 साली ‘रंगायन’मधून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आविष्कार’ सुरू केली. नाटक करायची उमेद होती, माणसं होती. अडचण जागेची होती. दादरला तेव्हा शिवाजी मंदिर होतं, पण ते धंदेवाईक नाटकांचं. शंभर-दीडशे प्रेक्षकांसाठी नवं, धडपडतं नाटक करणाऱ्यानं तिथलं भाडं कुठून भरायचं आणि तारीख कुठून मिळवायची? आणि तारीख मिळालीच, तरी ती प्रयोगाची. तालीम कुठे करायची?

1974 साली त्यांना जागा मिळाली ती सुलभाताईंच्याच शाळेत. छबिलदास शाळेचं सभागृह. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. खाली गर्दी, फेरीवाले, गाड्यांचा आवाज. थाटाचं नाट्यगृह नव्हतंच ते. पण पुढच्या दीड दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमीचा पत्ता तोच झाला, इतका की लोक त्या काळाला ‘छबिलदास चळवळ’ म्हणू लागले. एका शाळेचं नाव एका चळवळीला मिळालं. शाळेत शिकलेल्या आपल्याला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

आता माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट. ‘आविष्कार’नं ती जागा फक्त स्वतःसाठी ठेवली नाही. इतर संस्थांनाही तिथे प्रयोग करू दिले. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्यांची नाटकं तिथे झाली. मराठी झाली, हिंदी झाली. विचार करा, तुम्ही स्वतः कलावंत आहात, तुमचंही नाटक आहे, आणि मोठ्या मुश्किलीनं मिळालेली संध्याकाळ तुम्ही दुसऱ्याला देता. उद्या समीक्षक त्याचं कौतुक करतील, तुमचं नाही. तरी देता.

आपण ‘आश्रयदाता’ म्हटलं की राजे, संस्थानिक, शेठजी आठवतात. थैली देणारे. कलावंतानं दिलेला आश्रय वेगळा असतो. त्याला नेमकं ठाऊक असतं की नाटकवाल्याला काय लागतं. भाडं परवडेल अशी जागा, वेळेवर उघडणारं दार, चालू असलेला दिवा, आणि प्रयोग पडला तरी पुढच्या आठवड्यात परत या म्हणणारं कुणीतरी. काकडेकाकांनी तर अख्खं आयुष्य या व्यवस्थापनात घालवलं. तारखा, तिकिटं, हिशेब. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. नवं काही बांधलं की टाळ्या मिळतात. बांधलेलं रोज चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. पण ते बंद पडलं की सगळे ओरडतात.

आणि मुलं? सुलभाताईंनी मुलांना सोडलं नाही. ‘आविष्कार’ची मुलांसाठीची शाखा म्हणजे ‘चंद्रशाला’. तिथे मुलांना नाच, गाणं, अभिनय शिकवत, आणि त्यातून माधव साखरदांडे यांचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य उभं राहिलं. रंगमंचावर मुलांचा हा मोठा घोळका. मुलं मोठी होत गेली, त्यांच्या जागी नवी येत गेली, नाटक चालूच राहिलं. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’ या बालनाट्यावरून 1978 साली सुलभाताईंनी हिंदी चित्रपटही दिग्दर्शित केला, मुलांसाठीच. 1987 साली अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षाचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. एका वर्षात हे दोन्ही. त्यानंतर थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्या 2016 साली गेल्या, तोवर ‘आविष्कार’ची आणि त्यांची गाठ सुटली नाही.

छबिलदास सुटल्यावर ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. पुन्हा शाळाच. मी माटुंग्याला इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवरच्या एका मैत्रिणीनं मला तिथे ओढत नेलं होतं. नाटक कोणतं होतं ते आता आठवत नाही, खरंच सांगते. आठवतं ते एवढंच, की आम्ही लवकर पोचलो आणि दुसऱ्या एका खोलीत कुणाची तरी तालीम चालली होती. एक मुलगी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. दहा वेळा, पंधरा वेळा. कुणी तिला थांबवत नव्हतं, कुणी हसत नव्हतं, कुणाला घाई नव्हती. मी डोंबिवलीहून आलेली, सेमिस्टर, सबमिशन, कॅम्पस यातच जगणारी. चुकायला एवढी सवड देणारी जागा मी त्याआधी एकच पाहिली होती. आपला शाळेचा हॉल.

आता कबुली.

आपल्या निधीतून काय करायचं यासाठी जी समिती नेमली तिच्यात मी होते. शाळेनं सुचवलं होतं की हॉलमधला रंगमंच काढून, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून दुसरा संगणक कक्ष करावा. हॉल तसाही वर्षातून तीनदाच वापरतात, बाकी वेळ तिथे मोडके बाक रचलेले असतात. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. नुसतं हो नाही म्हटलं, आराखडाही मीच काढला. किती टेबलं, किती पॉइंट, एसी कुठे. त्या कागदावर डावी विंग जिथे होती तिथे मी ‘प्रिंटर’ असं लिहिलं होतं.

मग मराठीच्या बाईंना निमंत्रण द्यायला फोन केला. बोलता बोलता उत्साहानं हे सांगितलं. बाई म्हणाल्या, “छान. मग गॅदरिंग कुठे करणार?” मी म्हटलं, “मैदानात मांडव घालू बाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं. आणि तालीम?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून मी उभी आहे.

प्रयोग मांडवात होतो. तालीम मांडवात होत नाही. तालमीला रोजची जागा लागते, दार लावता येईल अशी, जिथे फजिती झाली तर ती चार जणांतच राहील. आपल्या वेळी ती होती म्हणून माझ्यासारखी घुमी मुलगी निदान विंगेत तरी बसू शकली. आज पहिल्या बाकावर जी कुणी गप्प बसलेली असेल, तिच्यासाठी आपण प्रिंटर ठेवतो आहोत.

मला ठाऊक आहे तुमच्यातले काही काय म्हणतील. संगणक नको का? हवा. माझं पोट त्यावर आहे. पण मी आहे त्या संगणक कक्षात जाऊन पाहिलं. तिथली निम्मी यंत्रं दुरुस्तीला आली आहेत, एवढंच. ती चालू करून द्यायचं काम मी आणि आपल्या वर्गातले आणखी तिघे आमच्या शनिवार-रविवारात करणार आहोत. त्यासाठी रंगमंच पाडायची गरज नाही. दुसरं कुणी म्हणेल, नाटकानं मार्क मिळतात का? नाही मिळत. सुलभाताईंच्या वर्गातली सगळी मुलं नटही झाली नसतील. पण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं आणि मग आपलं बोलायचं, हे कुठेतरी शिकायला लागतं, आणि कोणत्याही पेपरात ते येत नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. रंगमंच ठेवायचा. निधीतून फळ्या, वायरिंग, पंखे आणि पडदा दुरुस्त करायचा. उरलेल्या रकमेतून नाटक शिकवणाऱ्या एका जाणत्या माणसाला दर महिन्याला मानधन द्यायचं. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तीन तास हॉल उघडा. आपल्या मुलांना आणि शेजारच्या पालिका शाळेतल्या मुलांनाही. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं. जागा आपल्यापुरती ठेवली तर ती फक्त आपली सोय. दुसऱ्याला दिली तरच तो आश्रय.

आणि एक अट, ती आपल्यासाठी. पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. दर महिन्याला आपल्यापैकी एकानं शनिवारचं दार उघडायचं, शेवटपर्यंत मागे बसायचं, दिवे मालवायचे, कुलूप लावायचं. शिकवायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत. नुसतं तिथे असायचं. डोंबिवलीत राहणारे बारा जण तर सहज निघतील. मी पुण्याहून येईन.

मतदानाचे कागद तुमच्या ताटाशेजारी ठेवले आहेत. त्यावर पहिला पर्याय माझ्याच आराखड्याचा आहे. कृपया त्याच्यासमोर खूण करू नका.

पहिल्या महिन्याची किल्ली माझ्याकडे द्या.